अण्णा टेनिसचं स्थळ बघायला जातात

अण्णा, तुम्ही टेनिस बघायला पुण्याला गेला होतात, यावर आपल्या घरातल्या आताच्या पोरांचा विश्वास बसत नाही. भिंतीवरच्या फोटोत तुम्ही डोक्यावर टोपी, कपाळाला बुक्का आणि फोटोवाल्यावर रागावल्यासारखा चेहरा करून बसला आहात. त्या फोटोकडे बोट दाखवून नात मला विचारते, "हे? टेनिस?" आणि पोट धरून हसते. मी तिला सांगते, अगं, नुसतं बघायला नव्हते गेले, चौकशी करायला गेले होते. मग ती आणखीच हसते. टेनिसची कसली चौकशी, असं तिला वाटतं, आणि तिचंही बरोबर आहे. तुमची चौकशी काय चीज होती हे ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. म्हणून आज दुपारी सगळे झोपलेले असताना तुम्हालाच लिहायला बसले आहे. माझं अक्षर तुम्हाला कधी लागलं नाही, कोंबडीचे पाय म्हणायचात, पण आता त्याला काही इलाज नाही.

आपल्या भावकीत कुठलीही सोयरीक ठरायची तर आधी तुम्हाला धाडायचे. सोलापूरच्या मिलमध्ये साच्यावर उभं राहून आठवडाभर कापड विणायचं आणि सुटीच्या दिवशी धोतर नेसून कुणाच्या तरी पोरीसाठी स्थळ बघायला निघायचं, हा तुमचा शौकच होता म्हणा ना. आणि तुमची बघण्याची तऱ्हाही जगावेगळी. पुढच्या दारानं आत जाऊन बैठकीत तक्क्याला टेकायचं, पोहे खायचे, मुलाला चार प्रश्न विचारायचे, हे तुम्हाला मुळीच पटायचं नाही. "फुडनं समदी घरं चांगलीच असत्यात की," असं म्हणायचात. तुम्ही हात धुवायच्या निमित्तानं मागं परसात जायचात. मोरी बघायचात, गोठा बघायचात, घरातलं म्हातारं माणूस कुठल्या कोपऱ्यात बसवलंय ते बघायचात. येताना गल्लीतल्या परटाशी किंवा पानवाल्याशी तंबाखू मळत उभे राहायचात आणि तुम्हाला हवं ते काढून घ्यायचात. तुम्ही नको म्हणालात आणि तरीही लग्न झालं, अशा दोन पोरी परत आल्या होत्या. त्यामुळे तुमच्या शब्दाला भावकीत वजन होतं.

मग माझीच पाळी आली. मी अकरावीला होते, मॅट्रिकला. बहात्तरच्या दुष्काळात गावाकडून आपल्याकडं राहायला आलेली माणसं नुकती कुठं परत गेली होती, आणि आईला घर मोकळं झाल्यावर पहिली आठवण झाली ती माझ्या लग्नाची. अक्कलकोटकडचं स्थळ आलं. आडत दुकान, बारा माणसांचं खटलं, मुलगा हिशेबात हुशार आणि बोलायला गोड. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलणारी ती मंडळी मलाही वाईट वाटली नाहीत, खोटं कशाला सांगू. त्यांची एकच अट होती. माझी शाळेत रिंग टेनिसची टीम होती, ती रबरी कडी जाळीवरून फेकायची आणि झेलायची, त्यात मी जिल्ह्यापर्यंत गेले होते. त्यांच्यातली थोरली बाई हसत हसत म्हणाली होती, "ते खेळबिळ आता पुरे हं."

इकडे शाळेतल्या खेळाच्या बाईंनी माझ्या डोक्यात वेगळंच भरवलं होतं. पुण्याला खेळ शिकवायला शिकवणारं कॉलेज आहे, मॅट्रिक झाल्यावर तिथं जा, मास्तरीण हो. मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही भाकरी कुस्करत होतात. तुम्ही मान वर केली नाही. आई मात्र चुलीपासून उठूनच आली. "पोरीच्या जातीनं उड्या माराया शिकवायचं? आन त्याचं पगार देत्यात?" तुम्ही एवढंच म्हणालात, "देत्यात का, ते बगावं लागंल." नकार नाही, होकार नाही. मला रात्रभर त्या एका वाक्याचा अर्थ लागेना.

नशीब माझं, पितृपंधरवडा लागला. त्या पंधरा दिवसांत शुभाचं बोलणं नको, घट बसले की निरोप धाडा, असं अक्कलकोटवाले सांगून गेले. माझं पुढचं सगळं आयुष्य तेवढ्या सवडीत लटकत होतं, आणि त्याच सवडीत खेळाच्या बाईंनी माझ्या हातात दोन पास ठेवले. पुण्याला मोठे सामने होते, आपला देश विरुद्ध परदेशातला संघ, खरंखुरं टेनिस. बाईंच्या भावानं पास पाठवले होते आणि बाईंना काही जाता येत नव्हतं. "वडिलांना घेऊन जा," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं असणार, तुम्ही खेळ बघाल आणि भारावून जाल. त्यांना तुम्ही माहीत नव्हता.

तुम्ही पास हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिलात. मला वाटलं आता परत द्या म्हणाल. तर तुम्ही आईला म्हणालात, "पोरगी ज्याच्यापायी घर सोडतो म्हणती, ते एकडाव बगून तर येतो." आई म्हणाली, पितृपाठात नवं काही बघायला जात नाहीत. त्यावर तुम्ही, "सोयरीक कराया कुटं चाललोय? नुसतं बगाया चाललोय की." आणि बघायला चाललोय हे शब्द तुम्ही असे उच्चारले की माझ्या लक्षात आलं, तुम्ही टेनिसचं स्थळ बघायला निघाला होता. एका बाजूला अक्कलकोट आणि दुसऱ्या बाजूला टेनिस. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण तुमच्या चौकशीतून भलीभली घरं सुटली नव्हती.

पुण्यात मंगळवार पेठेत आत्याकडं आपण उतरलो. दुसऱ्या दिवशी सामना दुपारचा, पण तुम्ही मला सकाळीच बाहेर काढलंत. मैदानाच्या पुढच्या फाटकापाशी मोटारी, गॉगल लावलेल्या बायका, फुलांची कमान. मी तिकडं वळले तर तुम्ही माझा दंड धरून मला भिंतीच्या कडेकडेनं मागं नेलंत. पुढून सगळी घरं चांगलीच असतात ना! मागं एक पत्र्याची शेड होती, पाण्याचा हौद होता, दोरीवर टॉवेल वाळत घातले होते. तुम्ही आधी टॉवेल चिमटीत धरून बघितलात, मिलचा माणूस कापडाला हात लावल्याशिवाय पुढं कसा जाईल, आणि मग तिथं रबरी नळी गुंडाळत बसलेल्या माळ्याशेजारी उकिडवे बसलात. तंबाखूची चंची निघाली. मी शेडच्या सावलीत उभी आहे आणि ऐकते आहे.

"हितं बायाबी खेळाया येत्यात का?" तुम्ही विचारता.

"येत्यात की. सकाळी सकाळी येत्यात."

"आन खेळून झाल्यावर?"

"खेळून झाल्यावर काय, घरी जात्यात. एक डॉक्टरीण हाय, ती हितनं सरळ दवाखान्यातच जाती."

"घरचे काय म्हनत न्हाईत?"

माळी हसला. "मी कशाला इचारू? पर रोज येत्यात म्हंजी म्हनत नसतील."

"आन म्हाताऱ्या झाल्यावर?"

"म्हाताऱ्याबी येत्यात. एक हाय, गुडघ्याला फडकं बांधून खेळती. तिचा चेंडू कुनाला घावत न्हाई."

तुम्ही बराच वेळ तंबाखू मळत राहिलात. मग विचारलंत, पांढरेच कपडे का घालतात, त्याला मातीचा डाग पडतो तर धुतं कोण, हरलेल्याला जेवायला वेगळं बसवतात की जिंकलेल्याबरोबर. माळ्यानं जमेल तशी उत्तरं दिली. जेवणाचं त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला ती गोष्ट फार मोलाची वाटत होती, कारण उठताना तुम्ही मला म्हणालात, "हरलेल्याला कसं वागिवत्यात ते कळलं तर घर कळलं." मला मात्र एकच कळत होतं, की अजून तरी तुमच्या कपाळावर ती आडवी आठी पडलेली नाही. नापसंत घरी ती परसातच पडायची.

मग आपण आत गेलो. फळ्यांचे बाक चढत चढत वर गेलेले, पण आपली जागा अगदी खाली, मैदानाला लागून. तुमच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सूट घातलेले एक गृहस्थ. तुम्ही त्यांना पाचव्या मिनिटाला विचारलंत, "पंधरा झालं, तीस झालं, मग चाळीस कसं? पंचेचाळीस नगं का?" ते गृहस्थ आधी हसले, मग विचारात पडले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, मलाही माहीत नाही. त्यांनी पुढच्या बाकावरच्या माणसाला विचारलं, त्यानं आणखी पुढच्याला. पाच-सहा माणसं तुमच्या एका प्रश्नावर डोकं खाजवत बसली आणि तेवढ्यात आपल्या खेळाडूनं एक अख्खा गेम जिंकला तो कुणी बघितलाच नाही.

आणि मग ती भाकरी. अण्णा, ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात. आईनं शिदोरीला कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. तुम्हाला भूक लागली. परदेशी खेळाडू चेंडू जमिनीवर आपटतो आहे, सगळं मैदान चिडीचूप आहे, पक्ष्यानं पंख हलवला तरी ऐकू यावं, आणि तुम्ही भाकरी मोडलीत. कडाड्! सोलापुरात त्या आवाजाला कुणी मान वळवणार नाही. तिथं तो उंच गोरा माणूस थांबला, चेंडू हातात धरून आपल्याकडं बघायला लागला. उंच खुर्चीवरचा पंच इंग्रजीत काहीतरी म्हणाला. सगळ्या माना आपल्याकडं. तुमच्या एका हातात अर्धी भाकरी, दुसऱ्या हातात अर्धी. तुम्ही अगदी शांतपणे त्या खेळाडूला हातानंच खूण केलीत, चालू द्या, चालू द्या. तो हसला, मान लववली आणि पुन्हा चेंडू आपटायला लागला. उरलेली भाकरी तुम्ही धोतराच्या सोग्यात गुंडाळून, हळूहळू दाबून, आवाज न करता मोडून खाल्लीत. पुढं तुम्ही म्हणालात, "मानूस बरा हाय. रागावला न्हाई." मी मनात एक गुण टेनिसच्या बाजूला टाकला.

आता मुख्य गोष्ट. समोरच्या बाजूला, रेषेच्या टोकाशी, एका बुटक्या खुर्चीत एक बाई बसली होती. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, दोन्ही हात गुडघ्यांवर. तिचं काम एवढंच, की चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर ते सांगायचं. तुम्हाला आधी ती पाहुणी वाटली. मग त्या सूटवाल्या गृहस्थांनी समजावून सांगितलं आणि तेव्हापासून तुम्ही चेंडू सोडून तिच्याकडंच बघायला लागलात. सामना रंगला होता. आपला खेळाडू मागं पडून पुन्हा वर आला होता. एकदा चेंडू कितीतरी वेळ जाळीवरून ये-जा करत राहिला, सगळ्यांच्या माना इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि आपल्या खेळाडूनं शेवटी जीव खाऊन चेंडू हाणला. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. आणि त्या बाईनं हात बाजूला काढला. बाहेर!

काय गोंधळ झाला! आपलीच बाई, आपल्याच माणसाचा चेंडू बाहेर म्हणते. मागून शिट्ट्या, कुणी ओरडतंय "चष्मा लावा", सूटवाले गृहस्थसुद्धा उभे राहून हात नाचवायला लागले. आपला खेळाडू कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर जाऊन उभा. त्यानं जमिनीकडं बोट केलं. तिनं पुन्हा एकदा हात तसाच बाजूला केला, आणि गुडघ्यावर ठेवला. झालं. खुर्चीवरच्या पंचानं गुण तिकडं दिला. तो एवढा मोठा खेळाडू वळला आणि आपल्या जागेवर गेला. तुम्ही बसूनच होतात, पुढं वाकून, तोंड किंचित उघडं. मला तुमचा तो चेहरा काही केल्या वाचता येईना. आठी नव्हती, हसूही नव्हतं. हरलेल्याला कसं वागवतात हे तरी तुम्ही शेवटी बघाल असं मला वाटलं होतं, पण सामना संपला तेव्हाही तुम्ही त्या बाईकडंच बघत होतात. ती खुर्ची उचलून आत घेऊन गेली, तेव्हा कुठं तुम्ही उठलात.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा तुम्ही मला दिलीत. दौंड गेलं, भिगवण गेलं. मला विचारायचं धाडस होईना. घट बसायला चार दिवस उरले होते आणि समोर बसलेल्या माणसाच्या पोटात माझा निकाल होता. जेऊरच्या पुढं कुठंतरी तुम्ही एकदम बोलायला लागलात, आणि बोललात ते अक्कलकोटचं.

"त्यांच्याकडं गेलतो न्हवं मी, तवा मागं हात धुवाया गेलो. थोरली सून भांडी घासत व्हती. म्या सहज इचारलं, बाई, तुमचं म्हायेर कुठलं? तर तिनं आदी सैपाकघराच्या दाराकडं बगितलं. तितं सासू हुबी व्हती. सासूनं मान हलिवली, मंग ती बोलली."

गाडीचा खडखडाट चालू होता.

"म्हायेर कुठलं त्ये सांगाया कुनाला इचारावं लागतंय व्हय, पोरी?" तुमचा आवाज चढला, शेजारचा माणूस वळून बघायला लागला. "आन ती खुर्चीवरली बाई! समदं गाव तिच्या अंगावर आलं. ती कुनाकडं बगितली न्हाई. पयल्यांदा हात केला तवाबी न्हाई, दुसऱ्यांदा केला तवाबी न्हाई. जे दिसलं त्ये सांगितलं." मग तुम्ही थोडे पुढं वाकलात, खासगी विचारावं तसं. "बाहेरच व्हता न्हवं चेंडू? तू बगितलास न्हवं?"

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "बाहेरच व्हता."

"मंग!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत, जणू एवढी एकच गोष्ट ठरायची राहिली होती. कुर्डूवाडीला चहा घेताना, बशीत फुंकर मारता मारता, माझ्याकडं न बघताच तुम्ही विचारलंत, "आत्याच्या घरापासनं तुजं ते कालिज किती लांब हाय?" पुढं माझ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा तुम्ही म्हणालात, खिडकीतून कोळशाची कणी गेली असंल, जागा बदल.

आईनं घट बसेपर्यंत तुमच्याशी अबोला धरला, माझ्याशी तर दिवाळीपर्यंत. "सोन्यासारखं स्थळ घालवलं, लोक काय म्हनतील?" एवढं ती भिंतीला ऐकवायची. तुम्ही म्हणायचात, "म्हनू द्या की." पुढं मी ते कॉलेज करून सोलापुरात परतले आणि मुलींच्या शाळेत खेळाची बाई झाले, पहिल्यांदा शिट्टी गळ्यात घालून मैदानावर उभी राहिले तेव्हा आईच शेजारणीला घेऊन तारेच्या कुंपणापाशी बघायला आली होती. तुम्ही नव्हता आलात. तुम्ही मागच्या बाजूनं येऊन शिपायाशी बोलून गेलात, हे मला त्याच्याकडून नंतर कळलं. माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही ह्यांच्या घरच्या परसात अर्धा तास होतात आणि बाहेर आलात ते हसत. तुमची ती चौकशी चुकली नाही, एवढं तुम्हाला सांगून ठेवते.

आता टीव्हीवर परदेशातले सामने लागतात, नात आणि मी बघतो. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी रेषेवर माणसंच नसतात. यंत्र सांगतं आत की बाहेर, आणि कुणी भांडत नाही. नात म्हणते, हे बरं, चुकायलाच नको. मी ती बाई कुठं असेल याचा विचार करत बसते. तिनं त्या दिवशी घरी जाऊन काय सांगितलं असेल, तिला झोप लागली असेल का, तिला कुणी शिकवलं असेल असं बसायला. तिचं नाव आपण विचारलं नाही, अण्णा. तुम्ही दुनियेची चौकशी करणारे, आणि तेवढीच एक चौकशी राहून गेली.

हा कागद नातीला दाखवणार नाही. ती एकच प्रश्न विचारेल, आजी, खरंच बाहेर होता का गं चेंडू? तुम्ही अखेरपर्यंत भावकीत छाती ठोकून सांगत राहिलात की बाहेर होता, आमच्या पोरीनं डोळ्यानं बघितलाय. मी काय बघणार होते, अण्णा? त्या सबंध दुपारी सगळं मैदान चेंडूबरोबर मान फिरवत होतं आणि मी तुमच्या कपाळाकडं बघत होते, आठी पडते का म्हणून. सामना कोण जिंकलं तेसुद्धा मला दुसऱ्या दिवशी आत्याकडच्या पेपरात कळलं. त्या बाईनं कुणाकडं न बघता सांगितलं म्हणून तुम्ही मला पुण्याला धाडलंत. आणि गाडीत मी "बाहेरच व्हता" म्हणाले, ते आधी तुमच्या तोंडाकडं बघून.